ई-मेल सर्व्हर आणि त्याच्या राखीव प्रती

भाषाविज्ञानाच्या पत्रिकेत ई-मेल सर्व्हरसारख्या विषयाला स्थान कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. हा विषय संगणक विभागाचा. त्याची चिंता त्यानेच वाहावी, असेही मत ऐकू येते. परंतु बोलींच्या अभ्यासाची सामग्री आज कोणत्या वाटेने अभ्यासकाच्या हाती येते हे पाहिले, म्हणजे ही चिंता आपलीही आहे हे ध्यानात येईल.

एक कल्पित उदाहरण घेऊ. बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव तालुक्यात पिंपळगाव राजा हे गाव आहे. हा सारा टापू वऱ्हाडी बोलीचा. येथे ‘मला’ऐवजी ‘मले’ आणि ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ कानी पडते. समजा, एखाद्या अभ्यासकाने तेथील एका शिक्षकांकडे शेतीच्या अवजारांची शब्दसूची पाठविली. शिक्षकांनी गावातील दोन-चार वयोवृद्ध शेतकऱ्यांना विचारून उत्तरे लिहिली, काहींचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले आणि सहा महिन्यांच्या अवधीत हे सर्व पंधरा-वीस ई-मेलांच्या द्वारे धाडून दिले. अभ्यासकाने ते वाचले, काही उतरवून घेतले, बाकीचे ‘पेटीत आहेच’ म्हणून तसेच ठेवले. पुढे तीन वर्षांनी प्रबंध लिहावयास बसावे, तो विभागाच्या सर्व्हरमधील डिस्क बंद पडलेली! शिक्षकांना पुन्हा विचारता येईल. शब्दसूची पुन्हा धाडता येईल. परंतु ज्या ऐंशी वर्षांच्या वृद्धाने ती उत्तरे दिली, तो तीन वर्षांनंतर असेलच याची शाश्वती काय? बोलीच्या अभ्यासात माहितीचा उगमच नाहीसा होत असतो. रसायनशास्त्रज्ञाला प्रयोग पुन्हा करता येतो. आपणांस पुष्कळदा तो करता येत नाही.

ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली छापला गेला. वऱ्हाडीचे जे नमुने त्यात आले ते आजही आपणांस वाचता येतात. त्या नमुन्यांचे रक्षण व्हावे म्हणून वेगळी योजना करावी लागली नाही. छपाई हीच ती योजना होती. खंडाच्या प्रती अनेक ग्रंथालयांत विखुरल्या. एका ग्रंथालयात वाळवी लागली वा पाणी शिरले, तरी दुसरीकडची प्रत सुखरूप राहते. छापील ग्रंथाच्या प्रती अशा आपोआप होतात. ई-मेलाच्या होत नाहीत. त्या जाणीवपूर्वक कराव्या लागतात. सर्व्हरवरील पत्र हे छापील ग्रंथापेक्षा एकाकी हस्तलिखिताला अधिक जवळचे आहे, आणि म्हणून हस्तलिखितांच्या अभ्यासकाला या प्रश्नात काही सांगण्याजोगे आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. ‘बॅकअप’ हा शब्द मराठीत रुळला आहे व त्याला हद्दपार करण्याचा आमचा आग्रह नाही. प्रस्तुत लेखात आम्ही बहुधा ‘राखीव प्रत’ असे म्हटले आहे, याचे कारण ‘प्रत’ हा शब्द. मराठीत ‘प्रत’ म्हणजे नक्कल आणि ‘प्रत’ म्हणजे दर्जाही. खामगावच्या बाजारात कापसाची प्रत पाहतात ती दुसऱ्या अर्थाने. राखीव प्रतीच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. किती प्रती आहेत एवढेच विचारून भागत नाही, त्या कोणत्या प्रतीच्या आहेत हेही पाहावे लागते.

आता ई-मेल सर्व्हरमध्ये जतन करण्याजोगे काय काय असते ते पाहू. सर्वांच्या डोळ्यांपुढे येतात त्या पत्रपेट्या. त्यांखेरीज पत्ते आणि पासवर्ड यांची नोंद असते, सर्व्हर कसा चालवावा याच्या मांडणीच्या फाइली असतात, पत्रांवर सही करणाऱ्या व संदेशवहन गुप्त राखणाऱ्या किल्ल्या असतात, आणि बाहेर जावयाच्या पत्रांची रांग असते. यांपैकी पत्रपेट्यांची तेवढी प्रत ठेवून बाकीच्यांचा विसर पडणे, हा प्रकार फार आढळतो. परिणामी पत्रे शाबूत राहतात, पण ती ज्यांची त्यांना दाखविणारा सर्व्हर पुन्हा उभा करण्यात आठवडा जातो. मांडणीच्या फाइली काही मेगाबाइटांच्याच असतात. त्यांची प्रत न ठेवण्यास कोणतीही सबब पुरेशी नाही.

पत्रपेट्या डिस्कवर साठविण्याच्या दोन रीती प्रसिद्ध आहेत. जुन्या ‘एम्‌बॉक्स’ पद्धतीत एका पेटीतील सारी पत्रे एकाच लांबलचक फाइलीत एकापुढे एक लिहिलेली असतात. पोथीतील ओव्यांसारखी म्हणा. डॅनियल बर्नस्टाइन यांनी आपल्या ‘क्यूमेल’साठी आणलेल्या ‘मेलडिर’ पद्धतीत प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल असते. येथे पोथी सुटी पानांची आहे. हा भेद वरवर क्षुल्लक वाटला तरी राखीव प्रतीच्या दृष्टीने मोठा आहे. चार गिगाबाइटांच्या एम्‌बॉक्स फाइलीत दोन ओळींचे एक पत्र येऊन पडले, की नक्कल करणाऱ्या साध्या साधनाच्या दृष्टीने ती सबंध फाइल बदलली; मग चारही गिगाबाइट पुन्हा उतरवून घ्यावयाचे. मेलडिरमध्ये तेवढे एक नवे पान उतरले की काम झाले. मात्र मेलडिरचीही एक गंमत आहे. पत्र वाचले गेले की नाही याची खूण फाइलीच्या नावातच असते. म्हणून पत्र नुसते उघडून वाचले तरी फाइलीचे नाव बदलते, आणि भोळ्या साधनाला ते नवे पत्र वाटते.

राखीव प्रतीचे धोरण ठरविताना दोन प्रश्न विचारण्याची रीत आहे. किती काळापर्यंतचे लिखाण गमावले तर चालेल, हा पहिला. आणि किती वेळ काम बंद राहिले तर चालेल, हा दुसरा. बँकेच्या वा रेल्वे-आरक्षणाच्या संगणकाला दोन्हींचे उत्तर ‘जवळजवळ शून्य’ असे द्यावे लागेल. ई-मेलाचे तसे नाही. त्याचा स्वभावच निराळा आहे. ई-मेल पोहोचविण्याचे नियम १९८२ साली लिहिले गेले तेव्हापासून, समोरचा सर्व्हर बंद असल्यास धाडणाऱ्या सर्व्हरने पत्र टाकून न देता रांगेत ठेवावे व पुनःपुन्हा प्रयत्न करावा, अशी व्यवस्था त्यात आहे. आजच्या नियमांत असे प्रयत्न सामान्यतः चार-पाच दिवस तरी चालू ठेवावेत असे सुचविले आहे. वीज गेली म्हणून विभागाचा सर्व्हर एक दिवस बंद राहिला, तर येणारी पत्रे बहुधा हरवत नाहीत. उशिरा येतात एवढेच. पोस्टमन दार बंद पाहून दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, तसे हे आहे.

सबब, आपल्यासारख्या विभागाने दुसऱ्या प्रश्नाची फारशी धास्ती बाळगू नये. एक सर्व्हर बंद पडताच क्षणात दुसरा सुरू होणारी खर्चिक यंत्रणा विकत घेण्याचा मोह पुष्कळ संस्थांना होतो. आमच्या मते तो पैसा पहिल्या प्रश्नावर खर्चावा. एक दिवस पत्र न मिळणे ही गैरसोय होय. तीन वर्षांपूर्वीचे पत्र कायमचे जाणे ही हानी होय.

प्रत काढण्याचे तीन प्रकार आहेत. पूर्ण प्रतीत प्रत्येक वेळी सर्व काही उतरवून घेतात. वाढीच्या प्रतीत मागील प्रतीनंतर जेवढे नवे आले तेवढेच घेतात. फरकाच्या प्रतीत शेवटच्या पूर्ण प्रतीनंतरचे सर्व नवे दररोज घेतात. समजा, विभागाच्या पेट्यांत २०० गिगाबाइट पत्रे आहेत व रोज ३०० मेगाबाइटांची भर पडते. रविवारी पूर्ण प्रत काढली, तर सोमवार ते शनिवार वाढीच्या सहा प्रतींना मिळून १.८ गिगाबाइट जागा लागेल. फरकाच्या प्रती काढल्या तर सोमवारी ३००, मंगळवारी ६०० अशी चढती भाजणी होऊन शनिवारपर्यंत एकूण ६.३ गिगाबाइट लागतील. मग वाढीचीच प्रत बरी, असे वाटेल. परंतु गुरुवारी डिस्क बंद पडली तर वाढीच्या पद्धतीत रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार या चारही प्रती धड असाव्या लागतात. मंगळवारची फाइल बिघडली असेल तर मंगळवारची पत्रे गेलीच, आणि साखळीवर काटेकोर अवलंबून असणारी काही साधने बुधवारची प्रतही उघडून देत नाहीत. फरकाच्या पद्धतीत रविवार आणि बुधवार या दोन प्रती पुरतात. जागेची काटकसर आणि पुनःस्थापनेची सुलभता यांची अशी ओढाताण आहे. आजच्या डिस्कांच्या किमती पाहता साडेचार गिगाबाइट वाचविण्यासाठी साखळी लांबविण्यात शहाणपण दिसत नाही. बोर्ग, रेस्टिक यांसारखी मुक्त साधने मजकुराचे तुकडे ओळखून प्रत्येक तुकडा एकदाच साठवितात, व त्यामुळे रोजची प्रत पूर्ण असल्यासारखी वापरता येते. त्यांच्या योगाने हा वाद पुष्कळसा मिटला आहे.

येथवरचा भाग हिशेबाचा झाला. खरी अडचण पुढे आहे, आणि ती ‘दोन प्रती’ म्हणजे काय या प्रश्नात दडलेली आहे.

पुष्कळ सर्व्हरांत दोन डिस्क एकमेकींचा आरसा म्हणून बसविलेल्या असतात. एकीवर जे लिहिले जाते ते त्याच क्षणी दुसरीवरही. एक डिस्क बिघडली तर दुसरी काम चालविते. ही सोय उत्तम आहे. परंतु तिला राखीव प्रत म्हणणे ही मोठीच गैरसमजूत होय. कोणी चुकून एक पेटी पुसली तर ती दोन्ही डिस्कांवर त्याच क्षणी पुसली जाते. आरसा आपल्या चेहऱ्यावरचा डागही इमानाने दाखवितो! रोज रात्री दुसऱ्या संगणकाशी ताळमेळ घालणाऱ्या साधनांचेही असेच. १९९६ पासून वापरात असलेले ‘आरसिंक’ हे साधन फार उपयुक्त आहे. पण मूळ ठिकाणी जे नाही ते नकलेतूनही काढून टाक, असे त्यास सांगितले असेल, तर आज पुसलेले पत्र उद्या नकलेतही नसणार.

पाठचिकित्सेचा ज्यांना परिचय आहे त्यांना ही गोष्ट नवी नाही. एकाच मातृकेवरून उतरविलेल्या दहा पोथ्या असल्या तरी साक्षी एकच धरतात. कारण मातृकेतील चूक दहांमध्येही उतरलेली असते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिचे पहिले संपादक वि. सी. सुखटणकर यांनी पोथ्यांच्या संख्येला महत्त्व दिले नाही. परस्परांपासून स्वतंत्र अशा परंपरांची, विशेषतः उत्तरेकडील व दक्षिणेकडील परंपरांची, जेथे एकवाक्यता होते तेथील पाठ त्यांनी भरवशाचा मानला. प्रतींचे बळ त्यांच्या संख्येत नसून त्यांच्या स्वातंत्र्यात आहे, हे तत्त्व जसेच्या तसे सर्व्हरला लागू पडते. एका प्रतीला जे संकट गाठील ते दुसरीला त्याच वेळी गाठू शकत असेल, तर त्या दोन प्रती नव्हेत.

याची उदाहरणे अलीकडच्या काळात विपुल आहेत. ‘व्हीएफईमेल’ ही अमेरिकेतील ई-मेल पुरविणारी लहानशी संस्था. ११ फेब्रुवारी २०१९ रोजी एका घुसखोराने तिच्या तेथील सर्व्हरांच्या डिस्क कोऱ्या केल्या; राखीव प्रती ज्या सर्व्हरांवर होत्या, तेही त्याने कोरे केले. सुमारे दोन दशकांची पत्रे गेली. प्रती होत्या; परंतु ज्या वाटेने मूळ पत्रांपर्यंत जाता येत होते, त्याच वाटेने प्रतींपर्यंतही जाता येत होते. फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे १० मार्च २०२१ रोजी ‘ओव्हीएच’ या कंपनीच्या सर्व्हरांची एक इमारत जळून गेली. काही ग्राहकांच्या राखीव प्रती त्याच आवारात असल्याने मूळ आणि प्रत दोन्ही एकदम नष्ट झाली. दक्षिण कोरियात तेजॉन येथील सरकारी केंद्राला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. तेथे शासकीय कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाइलींचे ८५८ टेराबाइटांचे भांडार होते. ते फार मोठे म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती, असे उघडकीस आले. आपल्याकडे २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या वरच्या मजल्यांना आग लागली, तीत पाच माणसे दगावली व अनेक विभागांच्या कागदी फाइलींची राख झाली.

याच्या उलट असे एक उदाहरण आहे. फेब्रुवारी २०११ च्या अखेरीस गूगलच्या साठवणीच्या सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा करताना दोष शिरला, आणि जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के ग्राहकांच्या पेट्या रिकाम्या दिसू लागल्या. गूगलपाशी त्या पत्रांच्या अनेक केंद्रांत नकला होत्या. परंतु दोष सॉफ्टवेअरचा असल्याने तो त्या नकलांनाही बाधला. पत्रे परत मिळाली ती चुंबकीय टेपांवरून. टेप जाग्यावर स्वस्थ पडलेली असते, तिच्यापर्यंत सॉफ्टवेअरचा हात पोहोचत नाही. तिचे हे जुनाटपणच कामास आले.

मराठी भाषेच्या इतिहासात या प्रश्नाचे सर्वांत बोधक उदाहरण लीळाचरित्राचे आहे. म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या लीळा गोळा करून हा ग्रंथ इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध केला. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि पंथातील जाणत्यांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला, असे महानुभाव परंपरा सांगते. या पुनर्रचनेतूनच ग्रंथाच्या निरनिराळ्या पाठपरंपरा निर्माण झाल्या. त्यांच्या अरण्यातून वाट काढीत डॉ. वि. भि. कोलते यांनी १९७८ साली लीळाचरित्राची संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली. कोलते मूळचे याच बुलढाणा जिल्ह्यातील, मलकापूर तालुक्यातील नरवेलचे. मूळ पोथीची एक स्वतंत्र प्रत दूर कोठे तरी सुखरूप राहिली असती, तर संपादकाचे केवढे श्रम वाचले असते!

स्मरण ही राखीव प्रतच होय, व तिने ग्रंथ वाचविला हे मान्य केले पाहिजे. पण आशय जसा स्मरणात राहतो तसा शब्द राहतोच असे नाही. इतिहासकाराला आशय पुरेल. भाषेच्या अभ्यासकाला प्रत्यय, विभक्ती, उच्चार हवे असतात. सर्व्हर बुडाल्यावर लोक असेच स्मरणाचे साधन शोधतात: आपण ज्यांना पत्रे धाडली त्यांच्या पेट्यांतून, उत्तरांखाली आलेल्या अवतरणांतून पत्रव्यवहार जुळवितात. हे जमते, अंशतः. उत्तराबरोबर मूळ पत्राची जोडपत्रे सहसा येत नाहीत. म्हणजे पिंपळगावच्या शिक्षकांनी धाडलेले ध्वनिमुद्रण तेवढे नेमके गळते. मूळ पत्राचा प्रवास दाखविणाऱ्या नोंदी गळतात. आणि अवतरण देणाऱ्याने मध्येच एखाद्या ‘डोया’चा ‘डोळा’ केला असेल, तर ते कळावयास मार्ग नाही. शुद्ध लिहिण्याची सवय झालेला लेखनिक अनोळखी रूप पाहून ते ‘सुधारतो’, ही पाठचिकित्सेतील जुनी डोकेदुखी आहे. यंत्र अशी हौस करीत नाही; पण पत्रे एका व्यवस्थेतून दुसरीत नेताना अक्षरसंकेताचा गोंधळ होऊन देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटलेली पुष्कळांनी पाहिली असेल. म्हणून प्रत काढतानाच प्रत्येक फाइलीची बेरीज-खूण मांडून ठेवावी. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी ही खूण बदलते, व पुढे केव्हाही मूळ आणि प्रत यांचा मेळ तपासता येतो.

महानुभावांनी आपल्या ग्रंथांसाठी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या योजिल्या होत्या. ग्रंथ परक्यांच्या हाती पडला तरी त्याचा अर्थ लागू नये, हा हेतू सफल झाला. इतका, की विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा करीपर्यंत पंथाबाहेरच्या अभ्यासकांस हे वाङ्मय बंदच होते. विभागाच्या आवाराबाहेर नेलेली प्रत कूटबद्ध असलीच पाहिजे, कारण तीत माहिती देणाऱ्यांची नावे, गावे, आवाज असतात. परंतु किल्ली ज्या सर्व्हरवर आहे तोच जळाला, तर प्रत हाती असूनही ती वाचणारा राजवाडे भेटणार नाही. आजची कूटलेखने बुद्धिबळाने सुटत नाहीत. किल्ली कागदावर लिहून, बंद लखोट्यात, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. हा उपाय कोणास बाळबोध वाटेल. वाटो बापडा.

प्रती किती काळ ठेवाव्यात हा प्रश्न राहतो. पुसलेले पत्र पुसल्याचे लगेच ध्यानात येते असे नाही. अभ्यासक तीन वर्षांनी पेटी उघडतो, हे वरील उदाहरणात आलेच. आजा-बाप-मुलगा या नावाने ओळखली जाणारी एक जुनी पद्धत आहे. रोजच्या सात प्रती ठेवावयाच्या व आठव्या दिवशी पहिली पुसून वापरावयाची, आठवड्याच्या चार, महिन्याच्या बारा. म्हणजे तेवीस प्रतींत वर्षभर मागे जाता येते. संशोधनाच्या पत्रव्यवहारासाठी आम्ही यात एक ‘पणजा’ जोडू इच्छितो: दर वर्षाची एक प्रत, जी कधीच पुसावयाची नाही. मात्र माहिती देणाऱ्याने आपले नाव वा आवाज काढून टाका असे सांगितले, तर त्याचा शब्द या प्रतीवरही चालला पाहिजे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याकडे पाहूनच नव्हे, तर त्याने आपणांवर विश्वास टाकला म्हणून.

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दूर. हे सूत्र छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केले व ते आपणांस पुरेसे आहे. एवढेच, की तीनांपैकी एक प्रत कोणत्याही तारेला जोडलेली नसावी. दूरची प्रत इंटरनेटवरून धाडावयाची तर हिशेब करून पाहावा. सेकंदाला १० मेगाबिट वाहून नेणाऱ्या जोडणीवरून २०० गिगाबाइट जावयास ४४ तासांहून अधिक वेळ लागतो, तोही मध्ये वीज वा जोडणी तुटली नाही तर. तीच डिस्क एखाद्याने पिशवीत घालून एस. टी.ने नेली तर दिवसाच्या आत अमरावतीहून पिंपळगाव राजाला पोहोचेल. पहिली पूर्ण प्रत अशी हाताने न्यावी. रोजची ३०० मेगाबाइटांची भर मग त्याच जोडणीवरून चार मिनिटांत जाते.

पुष्कळ विद्यापीठांनी आता स्वतःचा सर्व्हर बंद करून गूगल वा मायक्रोसॉफ्ट यांची सेवा घेतली आहे. तेथे डिस्क बिघडण्याचे भय आपणांस नाही, हे खरे. तथापि जीमेलच्या कचरापेटीतील पत्र ३० दिवसांनी कायमचे जाते. शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद जागाही गूगलने काढून घेतली. २०२२ पासून सबंध संस्थेस मिळून १०० टेराबाइट ही मूळ मर्यादा झाली. जागा आटली की ‘जुनी खाती बंद करा’ असे परिपत्रक निघते, आणि बंद होणारे पहिले खाते असते निवृत्त प्राध्यापकाचे. ज्याने पस्तीस वर्षे गावोगावच्या लोकांशी पत्रव्यवहार केला, त्याची पेटी निवृत्तीनंतर काही महिन्यांत पुसली जावी, हे घरातील दप्तर रद्दीत घालण्यासारखे आहे. विभागाने निवृत्तीच्या कागदपत्रांतच या पेटीच्या प्रतीचे एक कलम घालावे. तंत्रापेक्षा हा उपाय स्वस्त आहे, आणि आमच्या माहितीप्रमाणे तो फारच थोडे विभाग करतात.

प्रत काढली म्हणजे ती आहेच, असे समजू नये. ‘गिटलॅब’ या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरील माहिती पुसली. कंपनीपाशी राखीव प्रतीच्या पाच व्यवस्था होत्या. प्रसंग आला तेव्हा एकही नीट चालत नसल्याचे दिसून आले. सुदैवाने सहा तासांपूर्वी कोणी हाताने काढलेली प्रत सापडली. रोजची प्रत निघत नव्हती, याचे कारण साधनाची आवृत्ती जुळत नव्हती. आणि ती निघत नाही हे सांगणारी ई-मेल यथायोग्य प्रमाणित नसल्याने नाकारली जात होती! ई-मेलच्या राखीव प्रतीची वार्ता ई-मेलनेच कळविण्यात हा धोका आहे. तेव्हा दर तीन महिन्यांनी कोणत्याही एका पेटीतील एक जुने पत्र, जोडपत्रासह, प्रतीतून काढून उघडून पाहावे, ध्वनिमुद्रण ऐकावे, व दिनांक घालून वहीत नोंद करावी. हे काम संगणक-सहायकावर न सोपविता त्या पत्राचा अर्थ ज्यास कळतो अशा माणसाने करावे. फाइल उघडते एवढेच सहायक सांगू शकेल; ‘मले’ हे ‘मले’च राहिले आहे की नाही, हे अभ्यासकालाच कळणार.

प्रत परत लावताना दोन गोष्टी पाळाव्यात. बाहेर जावयाच्या पत्रांची जुनी रांग पुन्हा लावू नये. लावल्यास आठवड्यापूर्वी गेलेली पत्रे दुसऱ्यांदा लोकांच्या घरी जातात. आणि परत आणलेली पत्रे चालू पेटीवर न ओतता प्रथम ‘परत आणलेली’ अशा वेगळ्या कप्प्यात ठेवावीत. पेटीची अंतर्गत ओळख बदलली तर प्रत्येकाच्या संगणकावरील पत्रे दाखविणारा कार्यक्रम आपल्याकडील साठा निरुपयोगी समजून सर्व पत्रे पहिल्यापासून उतरवू लागतो. मोबाइलवर इंटरनेट वापरणाऱ्या खेड्यातील सहकाऱ्याचा महिन्याचा डेटा त्यात एका सकाळीच संपतो. वेगळ्या कप्प्यातील पत्रे ज्याची त्याने पाहून घ्यावीत, व त्याने लेखी होकार दिल्यावर मगच ती मूळ पेटीत मिळवावीत.